डोंगरउतारावरची पाटी

माथेरानच्या दक्षिण टोकावरील चौक पॉइंटवर उभे राहिले म्हणजे खालापूर तालुक्यातील चौक हे गाव आणि त्याच्या भोवतीची भातखाचरे पायथ्याशी पसरलेली दिसतात. याच चौकच्या मुक्कामाहून ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० च्या मे महिन्यात हा डोंगर चढून आले, पुढे साहेबलोकांचे बंगले उठले, १९०७ मध्ये पीरभॉय यांच्या उद्यमाने नेरळहून छोटी आगगाडी वर आली, आणि ठाकर-कातकऱ्यांच्या पायांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेले अरण्य मुंबईच्या सधन लोकांचे विश्रामस्थान झाले. येथील पॉइंट म्हणजे खाली पाहण्याची जागा. परंतु वरून पाहणे निराळे आणि जे दिसले त्यासाठी उतरून जाणे निराळे, हा भेद मनात आला की मला विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आठवतात.

१ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्याच एका नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुण्यास शिकून, पुढे कायद्याची पदवी संपादन करून, वकिलीचा राजमार्ग समोर मोकळा असताना हा तरुण पुन्हा डोंगराकडेच वळला. नगरपालिकेचे उपाध्यक्षपदही त्यांनी भूषविले, पण भाईंचे चित्त खरे रमले ते कर्जत तालुक्यातील खेड्यापाड्यांत शाळा काढण्यात आणि धान्यकोठी उभारण्यात.

ही दोन कामे त्यांनी जोडीनेच का हाती घेतली, याचा विचार करावासा वाटतो. आषाढात कणगी रिकामी झाली म्हणजे कुळाने सावकाराच्या दारी जावे, दोन मण भात उचलावे आणि सुगीला दिढीने तीन मण फेडावे, असा त्या काळचा रिवाज; त्या व्यवहाराच्या दस्तऐवजात काय लिहिले आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक, आणि ज्याचे शेत गहाण पडे त्याचा त्या कागदाशी संबंध शाईने माखलेल्या अंगठ्यापुरताच. कोठीवाचून शाळा काढली असती, तर मूल भुकेपायी दुसऱ्याच्या गुरांमागे गेले असते; शाळेवाचून कोठी उघडली असती, तर तिचाही हिशेब कुणा दुसऱ्यानेच ठेवला असता.

१९४२ च्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता उभारला, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात साथीदार हिराजी पाटलांसह त्यांना वीरमरण आले. वय अवघे तीस. हुतात्मा म्हणून त्यांचे स्मरण होते, ते यथायोग्यच आहे. तथापि त्या तेजापुढे त्यांची शाळा झाकोळून जाते याची मला मनापासून खंत वाटते, कारण सिद्धगडाची वाट फार थोड्यांना झेपेल, पाड्यावरच्या शाळेची वाट मात्र आपल्यापैकी कोणालाही आज सकाळी धरता येईल.

मागे तालुक्याच्या एका कचेरीत दाखल्यासाठी थांबलो होतो. माझ्यापुढे एक वृद्ध कातकरी बाई उभ्या होत्या. कारकुनाने सवयीने शाईची डबी पुढे सरकवली. बाईंनी ती हलकेच बाजूला केली, पेन मागून घेतले, आणि कागदावर ओणवून एकेक अक्षर सुटे सुटे काढले. मागे रांग खोळंबली होती, पण त्यांनी घाई केली नाही. सगळी अक्षरे उमटल्यावर त्यांनी त्यांच्यावरून एक लांब शिरोरेषा ओढली, आणि पेन परत केले.