जुन्या भिंगांचा जुगार

वेस्ट विंडसरला आम्ही घरबसल्या ईबेच्या लिलावात जुन्या सूक्ष्मदर्शकाचे सुटे भाग घेऊ शकतो. शेरा एवढाच: ‘तपासलेले नाही.’ पदार्थाजवळच्या जुन्या भिंगावर बहुधा १६० हा आकडा असतो. ती नळीची लांबी, मिलिमीटरमध्ये. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांचा हिशेब निराळा. आटे जुळले तरी चित्र स्वच्छ उमटेलच असे नाही. आत बुरशीही असू शकते.

मग हा जुगार काय? दोघेही अजाण असतील तर ती नुसती जोखीम. ऐपतीपुरती खुशाल पत्करावी. पण दोष पाहूनही विकणारा ‘तपासलेले नाही’ लिहील, तर ती फसवणूकच. फाशाला सत्य ठाऊक नसते, माणसाला असते.

तोच न्याय आम्हांलाही लागू. विकणाऱ्याचे अज्ञान ओळखून मोलाचे भिंग कवडीमोलाने घ्यावे काय? निदान त्याने विचारल्यास खरे सांगावे.