मालक आणि राखणदार

दिवाळीत आपण दोन परस्परविरोधी गोष्टी मोठ्या श्रद्धेने करतो. लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या चोपड्यांना हळदकुंकू वाहतो आणि लगेच पाडव्याला आपण सारे बळीराजाची आठवण काढतो. बळीने तीन पावले भूमी दिली, तेव्हा ना कागद झाला, ना कोणाचा अंगठा उमटला. उच्चारलेला शब्द हाच त्याचा दस्तऐवज होता. चोपडी खरी की शब्द खरा, हा प्रश्न फराळाच्या ताटावर कोणी काढत नाही. पण जमिनीची गोष्ट निघाली की तो टाळता येत नाही. जमीन कोणाची? जिच्यावर त्याचे नाव लिहिलेले आहे त्याची, की जो पिढ्यान्‌पिढ्या तिच्या आधाराने जगला त्याची?

रायगडच्या किनाऱ्यावर ‘वाडी’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. अलिबाग-मुरूडकडे वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग. तिचा धनी सातबाऱ्यावर असतो. दुसरी वाडी गावाच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी असते. ती कातकऱ्यांची. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून हे कातकरी; आपल्या विड्याला रंग आला तो त्यांच्या श्रमाने. त्यांची घरेही सातबाऱ्यावर असतात, पण पुष्कळदा ती दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. आपली दिवाळी सरते, तेव्हा त्यांतली अनेक कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर निघून जातात. मग पावसाळ्याच्या तोंडापर्यंत वाडी अर्धी ओस असते.

यांना जमीन कधी नव्हतीच, असे म्हणणे सोपे आहे. पण ते खरे नाही. या जिल्ह्यात इंग्रजी अमदानीपासून ‘दळी’ची पद्धत होती. डोंगरउतारावरची जंगलजमीन कातकरी-ठाकरांच्या एका गटाला नाचणी-वरीसाठी मिळे आणि दप्तरात नाव लागे ते गटाच्या नाईकाचे. कसणारे अनेक, नाव एकाचे. वाडीला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण कोणता तुकडा कोणाचा हे सर्वांना तोंडपाठ होते. अडचण आली ती दप्तराला. ज्यांची नावे लिहिलेली नव्हती, ते दप्तराच्या लेखी नव्हतेच.

हेच आपल्या देशाच्या दुसऱ्या टोकाला कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे. मेघालयातल्या गारो टेकड्यांत गावच्या सामाईक जमिनीला ‘आखिंग’ म्हणतात. तिचा कारभार नोकमा पाहतो. पण तो हक्क त्याच्याकडे येतो तो बायकोच्या कुळामुळे, आणि कुळाला विचारल्यावाचून त्याला ती जमीन विकता येत नाही. शेजारच्या खासी लोकांत वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जाते. पण तिची भूमिका धनिणीपेक्षा सांभाळणारीची असते. आईबापांचे म्हातारपण, कुळाचे धर्मकृत्य, परतून आलेल्या भावाबहिणीला आसरा, हे सारे त्या घराबरोबर तिच्या पदरात पडते. आपल्या कोकणात गावाच्या वेशीवरल्या देवाला ‘राखणदार’ म्हणतात. खासी-गारोंनी तो शब्द देवासाठी राखून न ठेवता माणसालाच लावला, असे म्हणावेसे वाटते.

नोकमा आणि दळीचा नाईक यांच्यात मग फरक कोणता? माझ्या मते फरक त्यांच्यात नाही. त्यांच्याकडे पाहणाऱ्या कायद्यात आहे. राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीने खासी आणि गारो टेकड्यांना स्वतःच्या जिल्हा परिषदा दिल्या. 1952 पासून जमीन, जंगल, वारसा यांविषयी त्यांच्या रूढीला कायद्यात जागा मिळाली. पुढे 1972 मध्ये मेघालय हे पूर्ण राज्य झाले. महाराष्ट्रातल्या आदिवासी मुलखासाठी पाचवी अनुसूची आहे. पण तिच्या क्षेत्रात रायगड नाही. तिकडे रूढी हा पुरावा ठरली, इकडे ती नुसती आठवण राहिली.

यावर कोणी म्हणेल, राखणदार तरी कुठे नेहमी राखतो? आक्षेप खरा आहे. मेघालयातच खाजगी झालेल्या जमिनींतून कोळशासाठी उंदराच्या बिळांसारखी भोके पाडली गेली, नद्या नासल्या आणि 2014 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला अशा खाणकामावर बंदी घालावी लागली. पण हे घडले ते राखणदार मालक झाला तेव्हा! सांभाळण्याचे कर्तव्य सुटले आणि विकण्याचा हक्क तेवढा उरला. दोष राखणदारीचा म्हणावा, की तिच्या विस्मरणाचा?

2006 च्या वनहक्क कायद्याने मात्र उशिरा का होईना, एक सुंदर गोष्ट केली. त्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे तोंडी निवेदन लिहून घेतले, तर तेही पुरावा म्हणून चालते. मिळालेला हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे लागतो. तो मुलाबाळांकडे जातो, पण विकता येत नाही. म्हणजे गारो टेकड्यांतली जुनी समजूत अखेर आपल्या कायद्याच्या भाषेत आली. अर्थात म्हाताऱ्याचा शब्द ऐकायला समोर कोणी बसलेच नाही, तर नियम असून नसून सारखाच.

उरणजवळच्या चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. तिथल्या हुतात्म्यांच्या नामावळीत आगरी-कोळी बांधवांबरोबर नाग्या महादू कातकरी हेही नाव आहे. हे जंगल तुझे कशावरून, असे त्या दिवशी नाग्याला कोणी विचारले नाही. त्याने प्राण दिले, ते सर्वांनी निमूट स्वीकारले. ज्याचे मरण आपण कागदावाचून घेतले, त्याच्या नातवंडांच्या जगण्याला मात्र आपण कागद मागतो. जमीन कोणाची या प्रश्नाचे उत्तर कदाचित न्यायालये देतील. पण कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हे आपले आपणच ठरवायचे आहे.