दोन विद्या, एक सही

थाटीपुरात आमच्या घरासमोर राहणाऱ्या कुटुंबातील मुलगा गेल्या महिन्यात एका संध्याकाळी माझ्याकडे सल्ला विचारावयास आला. वकिलाकडे लोक येतात ते बहुधा काही बिघडल्यावर. बिघडण्याच्या आधी येणारा पक्षकार विरळा, म्हणून मी त्याला आनंदाने बसवून घेतले. त्याची बारावी नुकतीच झाली होती. कॉलेजात भूगर्भशास्त्राची पदवी घ्यावी आणि त्याच वर्षांत मुक्त विद्यापीठातून वाणिज्याची, वित्त हा विषय धरून, दुसरी पदवीही घ्यावी, असा त्याचा बेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या एप्रिलमध्ये दोन पदव्यांचा अभ्यास एकाच वेळी करण्यास मोकळीक दिली आहे, तेव्हा नियमांची अडचण नव्हती. अडचण होती वडिलांची. त्यांचे म्हणणे असे की, दगडाचा आणि पैशाचा संबंध काय? दोन्ही डगरींवर हात ठेवणारा शेवटी मधल्या पाण्यातच पडावयाचा.

संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही आणि ग्वाल्हेरीत बसून तर मुळीच नाही. आमच्या शेजारच्या मुरारचे नाव भूगर्भशास्त्रज्ञांनी एका खडकसमूहाला दिले आहे. त्याचे वय सुमारे दोनशे कोटी वर्षे सांगतात. ज्या रस्त्याने आम्ही रोज भाजी आणावयास जातो त्याचे नाव पृथ्वीच्या बाल्यातील एका प्रकरणाला मिळाले आहे, हे येथील फार थोड्यांना ठाऊक असते. आणि किल्ल्याच्या चढावर खडकातच कोरून काढलेले चतुर्भुजाचे लहानसे देऊळ आहे. त्यातील संवत् ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख शून्यासाठी जगप्रसिद्ध आहे. पाहावयास येणारे शून्य पाहून परत जातात. मी वकील, म्हणून मला त्यातला व्यवहार अधिक दिसतो. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिली आणि तिच्यातून रोज ५० माळा देवाला मिळाव्यात, अशी ती नोंद आहे. मूळ जमीन तशीच राहावी आणि देवाने तिचे उत्पन्न तेवढे घ्यावे! ज्याला आज वित्तशास्त्र म्हणतात त्याचा एक उत्तम पाठ अकराशे वर्षांपूर्वी येथे दगडावर लिहिला गेला आहे.

आजच्या कायद्यातही या दोन विद्यांचे लग्न केव्हाच लागून गेले आहे. खनिज किती आहे हे सांगण्यासाठी आपल्याकडे संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणातले तीन आकडे वापरतात. पहिला आकडा आर्थिक लाभाचा, दुसरा व्यवहार्यतेच्या तपासणीचा आणि तिसरा भूगर्भीय ज्ञानाच्या खात्रीचा. तिन्ही ठिकाणी एक आला, म्हणजे १११ झाले, तरच तो ‘सिद्ध साठा’. भूगर्भशास्त्रज्ञाने खडकाचा कण आणि कण मोजला, परंतु तो काढणे परवडत नसेल, तर त्या दगडाला साठा म्हणत नाहीत. त्याची गणना केवळ ‘संसाधनां’त होते. बाजारभाव चढला की काल साठा नसलेला डोंगर आज साठा होतो, आणि तो स्वतः तर तसूभरही हललेला नसतो. तेव्हा वडिलांच्या शंकेचे समाधान मी पाच मिनिटांत केले असते.

परंतु मुलाचा स्वतःचा प्रश्न निराळा होता. तो म्हणाला, “काका, या दोन शास्त्रांचे भांडण झाले तर मी कोणाचे ऐकायचे?”

भांडण कसले, ते त्यानेच कागदावर मांडून दाखविले. वित्तशास्त्रात पुढे मिळावयाच्या पैशाची आजची किंमत काढताना त्याला दराने कापीत जातात. दर शेकडा दहा धरला तर पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत साधारण पंचाऐंशी पैसे होते. दर चार धरला तर तेच शंभर रुपये आज चौदा रुपयांचे होतात. खाण एक, दगड एक, नातू एक. फक्त दर बदलला आणि नातवाचा वाटा सोळापट वाढला किंवा पार पुसला गेला. भूगर्भशास्त्र मात्र पन्नास वर्षांना श्वासाइतकेही मोजत नाही. ज्या विद्येत कोटी वर्षे हे चलनातले नाणे आहे आणि ज्या विद्येत तीन महिन्यांचा ताळेबंद हे युग आहे, त्या दोन्ही एका डोक्यात नांदणार कशा?

फ्रँक रॅम्से नावाचा एक तरुण इंग्रज गणिती होता. वयाच्या सव्वीसाव्या वर्षी तो वारला. १९२८ साली त्याने लिहून ठेवले की, पुढे येणाऱ्या सुखाला केवळ ते पुढचे म्हणून कमी लेखणे नीतीच्या दृष्टीने असमर्थनीय आहे आणि त्याच्या मुळाशी कल्पनाशक्तीचा दुबळेपणा आहे. मला हे पटते. पण त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की, दर लावणारा प्रत्येक माणूस लोभी नसतो. खाणीवर आज छिन्नी धरून बसलेल्या मजुराला आजची भाकर हवी आहे. त्याला न जन्मलेल्या पिढीचे हित ऐकवणे हा पोट भरलेल्या माणसाचा उद्योग. शिवाय व्याजाशिवाय भांडवल येत नाही आणि भांडवलाशिवाय शाळा किंवा दवाखाना उभा राहत नाही. दर शून्य धरा, असे मी त्या मुलाला सांगितले नाही. दर हा गणिताने ठरत नाही, तो कोणीतरी ठरवितो आणि ठरविणाऱ्याने आपले नाव खाली लिहिले पाहिजे, एवढेच मी सांगू शकलो.

आणि येथे मला माझीच एक गोष्ट त्याला सांगावी लागली. ती मी फारशी कोणाला सांगत नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, माझी वकिली नवी असताना, शिवपुरीच्या रस्त्यावरील एका वालुकाश्माच्या खाणीवर कर्ज द्यावयाचे होते. जमिनीच्या हक्कांबाबत अभिप्राय देण्याचे काम माझ्याकडे आले. हद्दीचे दगड पाहण्यासाठी मी जागेवर गेलो. शेजारच्या शेतात एक म्हातारा विहिरीवर होता. त्याने सहज सांगितले की, वीस फुटांपर्यंत दगड चांगला आहे, त्याखाली नुसता पापुद्र्यांचा भुसभुशीत थर लागतो आणि विहीर खणताना तो हातानेच निघाला होता. भूगर्भतज्ज्ञाच्या अहवालात उत्तम दगडाची खोली चाळीस फूट लिहिली होती. तो अहवाल माझ्या पिशवीतच होता. म्हाताऱ्याचे बोलणे मी खिशातल्या वहीत टिपूनही घेतले. अभिप्रायात मात्र ते उतरविले नाही, कारण मला हक्कांविषयी विचारले होते, दगडाविषयी नव्हे.

चौथ्या वर्षी खाण त्या थराला लागली. पुढे चौकशीत कळले ते असे. तज्ज्ञाने त्या जागी भोक पाडलेच नव्हते, शेजारच्या जुन्या पट्ट्याचे आकडे घेतले होते, आणि कर्ज देणारे ते तपासून घेतीलच असे त्याला वाटले होते. कर्ज देणाऱ्यांना वाटले, तज्ज्ञाची सही आहे. माझ्या अभिप्रायाच्या शेवटी तर छापील वाक्यच होते की, मालमत्तेच्या मूल्याविषयी आम्ही काही म्हणत नाही. तिघांच्या सह्या आपापल्या जागी निर्दोष होत्या. कायद्याने कोणालाही दोषी धरले नाही, आणि कायद्याचा माणूस म्हणून मी सांगतो की ते बरोबरच होते. कर्जदार गाव सोडून गेला. जामीन राहिलेले त्याचे सासरे एक निवृत्त शिक्षक होते. मुरारमधल्या त्यांच्या घराच्या दारावर लिलावाची नोटीस चिकटवलेली मी पाहिली. त्या रस्त्याने मी वर्षभर गेलो नाही.

‘माझा तो विषय नाही’ हे वाक्य या शतकात जितके घातक ठरले आहे तितके उघड खोटेही क्वचितच ठरले असेल. ज्ञानाच्या वाटण्या करताना आपण जबाबदारीच्याही वाटण्या केल्या, आणि वाटणीत मधली चिंचोळी पट्टी कोणाच्याच नावावर चढली नाही. माझ्या धंद्यात अशा पट्टीवरूनच सर्वांत जास्त दावे चालतात. दोन्ही विद्या शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला ती पट्टी येते. तिजोरीकडे बोट दाखवून त्याला दगडाच्या बाबतीत सुटता येणार नाही, आणि दगडाकडे बोट दाखवून तिजोरीच्या बाबतीतही नाही.

एवढ्याने मन निश्चिंत होईल असे मात्र नाही. १९९७ साली ब्रे-एक्स नावाच्या कॅनडातील कंपनीचे बोर्निओमधील सोने अवघ्या जगाने पाहिले आणि मग ते नाहीसे झाले. खडकाच्या चुऱ्यात बाहेरचे सोने मिसळले जात होते. तेवढ्यावर कंपनीचे बाजारमूल्य काहीशे कोटी डॉलरांवर गेले होते. ज्याने हे केले त्याला खडक कळत होता आणि बाजाराला काय ऐकावयाचे आहे तेही कळत होते. दोन्ही विद्या एका जागी आल्या होत्या, परंतु त्यांतून विवेक निपजला नाही. त्यानंतर कॅनडाने २००१ साली नियम केला की, खनिजाच्या अहवालामागे नावानिशी पात्र व्यक्ती उभी असली पाहिजे. नियम चांगला आहे. पण सही मागणारा नियम हात कोणाचा आहे ते सांगतो, हातामागे कोण आहे ते सांगत नाही.

मग कमी काय पडते? मला वाटते, हे धन कोणाचे, हा प्रश्न दोन्ही पाठ्यक्रमांत नसतो. आपल्या देवस्थानांच्या व्यवहारात तो सर्वांत आधी येतो. आपल्या कायद्यात देव ही मालमत्ता धारण करणारी व्यक्ती आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलनेही मूर्तीला तसे स्थान मान्य केले. आणि स्वतःचे हित स्वतः पाहू न शकणारी व्यक्ती म्हणून न्यायालये देवाकडे अज्ञान बालकाप्रमाणे पाहतात. विश्वस्ताने उत्पन्न खर्च करावे. मुद्दलाला हात लावावयाचा तर खरीखुरी आवश्यकता किंवा देवाचे हित दाखवावे लागते. उत्सव थोडा साधा झाला तरी चालेल, पण देवाची जमीन विकून पालखी मढवू नये, हे आपल्यातल्या अशिक्षित महाजनालाही सांगावे लागत नसे. न जन्मलेली पिढी ही तशीच अज्ञान बालक. तिच्या वतीने न्यायालयात कोणी उभा राहत नाही.

कुलदेवतेच्या दर्शनाला गोव्याला जाणाऱ्या आमच्यासारख्यांनी डिचोली-सांग्याकडील रस्त्यांवर ट्रकांची लाल धूळ पाहिली आहे. माझी आजी दगडाला ‘फातर’ म्हणे आणि त्या धुळीकडे पाहून, हो फातर खंय व्हरतात, असे विचारी. तिला कोणी उत्तर दिल्याचे मला आठवत नाही. २०१२ साली तेथील खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि लोहखनिजाच्या विक्रीतील दहावा हिस्सा एका कायम निधीत टाकण्यास सांगितले. नॉर्वेने तेलाच्या पैशासाठी १९९० सालीच असा कायदा केला होता. पुढे २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, आठ विरुद्ध एक मताने, खनिजाचे स्वामित्वधन हा कर नसून खनिजाच्या हक्कासाठी दिलेला मोबदला आहे असे ठरविले. यापुढचे अनुमान माझे आहे, न्यायालयाचे नव्हे: तो मोबदला असेल तर ती विक्री झाली, आणि विक्रीचा पैसा उत्पन्नात धरणारा विश्वस्त आपण ठेवून घेऊ का?

मुलगा हे सारे ऐकत होता. अशा वयात लांबलेले बोलणे लोक सोसतात ते केवळ शिष्टाचाराने. पण त्याचे लक्ष दुसरीकडेच अडकले होते. तो म्हणाला, “काका, त्या विहिरीवरच्या म्हाताऱ्याचं तुम्ही लिहिलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?”

मी म्हणालो, पुढची कामे गेली असती कदाचित.

“आणि त्या कामाची फी किती होती?”

मी आकडा सांगितला. तो मला अजून आठवतो. त्याने तो वहीत लिहिला नाही, नुसती मान हलवली, आणि अर्जाचे कागद गोळा करू लागला. त्याचे वडील रविवारी माझ्याकडे यावयाचे आहेत.