अमरनगरीचा तट आणि तटाबाहेरचा माणूस

जिथे म्हातारपण येत नाही, भूक ठाऊक नसते, प्रासादांच्या भिंती रत्नांनी उजळलेल्या असतात आणि या सगळ्या वैभवाभोवती उंच तट उभा असतो, अशा नगरीचे वर्णन अनेक संस्कृतींनी मोठ्या प्रेमाने केले आहे. युरोपातील अद्भुतकथांमध्ये या नगरीत एल्फ नावाचे दीर्घायुषी, देखणे आणि कलानिपुण लोक राहतात. भारतीय पुराणांमध्ये तीच जागा यक्ष, गंधर्व आणि देव यांच्याकडे आहे. या वर्णनांमागे एक तात्त्विक प्रश्न दडलेला आहे आणि तो वाटतो तितका बालिश नाही: नगरी खरोखर परिपूर्ण असेल, तर तिला तटाची गरज का पडावी, आणि तटाच्या आत मिळणारे सुख हे माणसाच्या धडपडीचे अंतिम ठिकाण मानता येईल का?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी यवतमाळ जिल्हा आणि त्याच्या भोवतीचा विदर्भ ही जागा विशेष सोयीची आहे. कालिदासाच्या मेघदूतातील यक्ष ज्या रामगिरीवर वर्षभराची शिक्षा भोगतो, तो रामगिरी परंपरेने नागपूरजवळचे रामटेक मानला जातो. रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखले जाणारे कौंडिण्यपूर वर्धा नदीच्या काठी आहे. त्याच नदीच्या पूर्वेला गोंड राजांनी बांधलेले चंद्रपूरचे तटबंद शहर आजही नांदते आहे. आणि यवतमाळ जिल्ह्यातील कळंब येथे तर प्रत्यक्ष देवांच्या अमरावतीच्या राजाला, म्हणजे इंद्राला, खाली उतरून यावे लागले, अशी कथा सांगितली जाते.

पुराणांतील आणि काव्यांतील या नगऱ्या दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांचा धार्मिक अर्थ एक नाही. कुबेराची अलका ही कालिदासाने निर्दोष सुखाची नगरी म्हणून रंगवली, परंतु ती वाचकाला दिसते ती तिथून हाकलल्या गेलेल्या यक्षाच्या डोळ्यांनी, म्हणजे विरहातून. मयासुराने बांधलेली त्रिपुरे, म्हणजे सोन्याची, चांदीची आणि लोखंडाची अशी तीन असुरनगरे, इतकी अभेद्य होती की ती एकाच बाणाने जाळण्यासाठी शिवाला स्वतः रथावर चढावे लागले. वाल्मीकीची लंका या दोहोंपेक्षा अधिक विचार करायला लावते. ती विश्वकर्म्याने घडवलेली, आधी कुबेराची आणि नंतर रावणाने बळकावलेली नगरी. रात्री तिच्यात शिरलेला हनुमान तिचे प्रासाद, उद्याने आणि शस्त्रागारे पाहून थक्क होतो आणि पहाटे त्याच्या कानांवर वेदघोषही पडतो. कवीने शत्रूच्या नगरीचे सौंदर्य कुठेही कमी केलेले नाही. लंका दोषी ठरते ती तिच्या सोन्यामुळे नव्हे, तर त्या सोन्याच्या तटाआड, अशोकवनात, एका स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवले आहे म्हणून. आणि ती एक गोष्ट साऱ्या नगरीचा निवाडा करायला पुरेशी होते.

विसाव्या शतकातील इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी निर्माण केलेली गोंडोलिन ही एल्फांची गुप्त नगरी याच जातीची आहे. डोंगरांच्या कड्यात लपलेली, सात दरवाजांनी राखलेली ही नगरी तिचा राजा तुर्गोन याला इतकी प्रिय झाली, की ती सोडून जाण्याचा दैवी इशारा मिळूनही तो जागचा हलला नाही; बाहेरचे जग शत्रूच्या हाती जात असताना नगरीचे दरवाजे बंदच राहिले आणि अखेर तिचा घात झाला तो राजाच्या स्वतःच्या भाच्याकडून. धर्मश्रद्धेने कॅथलिक असलेल्या या लेखकाने अमर एल्फांच्या वाट्याला मोठा विषादही दिला आहे, आणि मर्त्य माणसांच्या मृत्यूला त्याने देणगी म्हटले आहे. भारतीय वाचकाला हा विचार परका वाटू नये, कारण विष्णुपुराणात भारतवर्षाला कर्मभूमी, म्हणजे जिथे केलेल्या कर्माने माणूस स्वतःला घडवू शकतो अशी भूमी म्हटले असून स्वर्गातले देवसुद्धा इथे जन्म घेणाऱ्यांचा हेवा करतात असे सांगितले आहे. स्वर्ग ही त्या मानाने भोगभूमी, साठवलेले पुण्य खर्च करण्याची जागा. गीतेच्या नवव्या अध्यायानुसार ते पुण्य संपले की स्वर्गवासी पुन्हा मर्त्यलोकी परततो.

कळंबची कथा या सिद्धांताला जमिनीवर आणते. गणेशपुराणाच्या परंपरेनुसार अहल्येच्या प्रसंगात गौतम ऋषींचा शाप मिळालेला इंद्र विदर्भातील कदंबपुरी आला, तिथल्या तीर्थात स्नान करून त्याने चिंतामणी गणेशाची उपासना केली आणि तो शुद्ध झाला. हे कदंबपूर म्हणजेच आजचे कळंब, असे मानले जाते. तिथले मंदिर उंच चौथऱ्यावर नाही. भाविकाला जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जावे लागते, खाली पाण्याचे कुंड आहे, आणि काही वर्षांच्या अंतराने ते पाणी चढून मूर्तीच्या चरणांपर्यंत आले की ‘गंगा आली’ म्हणून दर्शनाला रीघ लागते. कथेतील व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे. अमरावतीत अमृत आहे, कल्पवृक्ष आहे, ऐरावत आहे; नाही ती फक्त अपराधातून सुटण्याची सोय. दुसऱ्याच्या आश्रमात शिरून केलेला अन्याय धुण्यासाठी अमरनगरीच्या राजाला तट ओलांडून विदर्भातल्या एका वस्तीत यावे लागते, आणि तिथेही खालीच उतरावे लागते. ज्या इंद्राला ऋग्वेद शत्रूंचे कोट फोडणारा म्हणून गौरवतो, तोच पुढे पुराणांत कोटाच्या आत बसलेला भयभीत राजा होतो आणि कुणा तपस्व्याने तप आरंभले की त्याचे सिंहासन डळमळू लागते, हा बदल भारतीय धर्मविचाराने स्वर्गाकडे कोणत्या नजरेने पाहिले ते पुरेसे स्पष्ट करतो.

तत्त्वज्ञांनी तर अशा नगरीच्या अस्तित्वालाच हात घातला. गंधर्वनगर, म्हणजे आकाशात क्षणभर दिसणारे आणि जवळ जाताच नाहीसे होणारे नगर, हा दृष्टांत बौद्ध आचार्य नागार्जुन आणि अद्वैताचे आचार्य गौडपाद या दोघांनीही वापरला आहे. नागार्जुनाच्या मते वस्तूंचे उपजणे, टिकणे आणि नष्ट होणे हे स्वप्नासारखे वा गंधर्वनगरासारखे आहे, कारण कोणतीही वस्तू स्वतःच्या बळावर उभी नसते. गौडपादांच्या मते अनेकत्वाने नटलेले हे विश्वच गंधर्वनगरासारखे आहे, आणि सत्य ते एकच ब्रह्म. परंतु भासमान नगरी निरुपयोगीच असते, असा निष्कर्ष यावरून काढण्याची घाई करू नये. सद्धर्मपुंडरीक या महायान सूत्रात एका वाटाड्याची गोष्ट आहे. रत्नभूमीकडे निघालेला तांडा पाचशे योजनांच्या बिकट वाटेत थकून मागे फिरू लागतो, तेव्हा तो वाटाड्या आपल्या सामर्थ्याने एक नगर निर्माण करतो, सर्वांना तिथे विश्रांती देतो, आणि अंगात बळ आल्यावर ते नगर मिटवून पुढे चालायला सांगतो. कल्पनेतल्या समृद्ध नगरीची याहून उदार मीमांसा क्वचितच कुणी केली असेल. नगरी खोटी असली तरी विसावा खरा असतो, आणि तिचा अपराध सुरू होतो तो तिथेच मुक्काम ठोकण्याच्या आग्रहातून.

वेद-उपनिषदांनी वेगळी वाट धरली आणि नगरी देहाच्या आत नेली. अथर्ववेदात मानवी देहाला आठ चक्रांची आणि नऊ द्वारांची देवांची पुरी म्हटले आहे; गीतेतला आत्मसंयमी पुरुष नऊ दारांच्या नगरीत सुखाने राहतो; छांदोग्य उपनिषद हृदयातील सूक्ष्म अवकाशाला ब्रह्मपूर म्हणते आणि देह जीर्ण झाला तरी हे नगर जीर्ण होत नाही अशी ग्वाही देते. नऊ द्वारे म्हणजे दोन डोळे, दोन कान, दोन नाकपुड्या, मुख आणि दोन अधोद्वारे. इथे नगरीचे लक्षण तट नसून द्वार आहे, कारण द्वाराविना देह जगूच शकत नाही.

योगायोगाने चंद्रपूरच्या गोंडकालीन तटालाही चार मोठे दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे दरवाजे, तर चोर, विठोबा, हनुमान, मसण आणि बगड या खिडक्या. ही बेरीज नऊ होते म्हणून बांधणाऱ्यांच्या मनात देहनगरीच होती असे म्हणण्याला आधार नाही. तरीही या खिडक्यांची नावे बरेच काही सांगून जातात, कारण भरभराटीच्या शहराला देवाकडे, मसणाकडे आणि गुपचूप आल्यागेल्याकडे जाणाऱ्या वाटा ठेवाव्याच लागतात. दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे. शहराच्या स्थापनेची कथा खांडक्या बल्लाळशहा राजाशी जोडलेली आहे. त्याच्या अंगावरच्या गाठी झरपट नदीच्या पाण्याने बऱ्या झाल्या, पुढे एक ससा शिकारी कुत्र्यावर उलटून त्याचा पाठलाग करताना दिसला, आणि त्या धावेच्या मार्गावर तट आखला गेला, असे सांगतात. ज्या महाकालीसाठी चैत्रात मराठवाडा, वऱ्हाड आणि तेलंगणातून माणसे लोटतात, तिचे देऊळ अंचलेश्वर दरवाजाच्या बाहेर आहे, म्हणजे इथे देवीच्या दर्शनासाठी तटाच्या आत जावे लागत नाही. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी हा तट फोडला. महाकालीची यात्रा मात्र त्यानंतरही चालू राहिली.

गोंडांच्या धर्मकथेत तर बंद भिंतीचे चित्र याच्या अगदी उलट आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर भागात टिपलेल्या आणि १८६६ मध्ये त्यांच्या निधनानंतर छापल्या गेलेल्या लिंगोच्या आख्यानात महादेव गोंडांना गुहेत कोंडून तोंडावर प्रचंड शिळा लावतो, आणि लिंगो त्यांना सोडवून त्यांची कुळे लावून देतो. म्हणजे समाज जन्माला येतो तो शिळा हटल्यावर. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागांत डोंगरांच्या कडेने वसलेल्या कोलाम आदिवासींच्या वस्त्यांना पोड म्हणतात. पोडाला तट नसतो, असते ती सगळ्यांची चावडी.

हा सगळा विचार अद्भुतकथेपुरता राहता, तर त्याला फारसे वजन आले नसते. परंतु मराठी मुलखात तट ही कल्पनेतली वस्तू नव्हती. गढी, वेस आणि गावकूस, म्हणजे गावाभोवतीची भिंत, यांनी शतकानुशतके माणसांची दोन जगे केली. कुसाच्या आत पांढरीवरचे गाव, आणि कुसाबाहेर ते लोक, ज्यांच्या श्रमावर गाव चाले पण ज्यांची सावली गावाला चालत नसे. या व्यवस्थेचा सर्वांत कठोर पुरावा संतचरित्रातच आहे. परंपरेनुसार १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या कुसाचे काम चालू असताना ते ढासळले आणि वेठीने राबणारे महार मजूर त्याखाली गाडले गेले; त्यांत चोखामेळा होते. ज्या तटाच्या आत राहण्याचा अधिकार त्यांना नव्हता, त्याच्याच दगडांखाली त्यांचा अंत झाला. नामदेवांनी ढिगाऱ्यातली हाडे कानाशी लावून पाहिली, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली, आणि पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे वारकरी सांगतात. ती समाधी तिथे आहे. पण तिच्यापासून काही पावलांवरचे देऊळ चोखोबांच्या समाजासाठी उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

समृद्ध नगरीचे कोणतेही वर्णन या प्रसंगाच्या उजेडात वाचले, की रत्नजडित तटाबद्दल पहिला प्रश्न उंचीचा राहत नाही, तो दगड कुणी वाहिले याचा होतो. पुराणे हे श्रम विश्वकर्मा आणि मय यांच्यावर सोपवून मोकळी होतात, अद्भुतकथा ते जादूवर सोपवतात. चोखोबांच्या चरित्राला तशी सवलत घेता येत नाही, आणि म्हणूनच धर्मविचार म्हणून ते अमरावतीच्या वर्णनापेक्षा खोल जाते.

तटबंद नगरीच्या प्रतिमेचा सर्वांत धीट वापर पाली भाषेतील मिलिंदपञ्ह या ग्रंथात आढळतो. यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या या संवादात धम्मनगराचे सविस्तर वर्णन आहे, आणि ते एखाद्या वास्तुकाराच्या आराखड्याइतके नेमके आहे: शील हा तट, पापाची लाज हा खंदक, ज्ञान हे वेशीवरचे दार, वीर्य म्हणजे प्रयत्न हा बुरूज, स्मृती म्हणजे सावधपणा हा द्वारपाल. आतल्या बाजारांत फुले, सुगंध, फळे, औषधे, विषावरचे उतारे, अमृत आणि रत्ने विकायला आहेत, आणि त्यांचे मोल चुकते होते ते कर्माने. इथे नगरीचे वैभव जराही कमी केलेले नाही, तटही पाडलेला नाही. बदलले आहे ते तटाचे द्रव्य. दगडाचा तट दुसऱ्याला अडवतो, शीलाचा तट ज्याचा त्यालाच अडवतो आणि तो बांधायला दुसऱ्या कुणाला वेठीला धरता येत नाही. याच ग्रंथात अन्यत्र नागसेन सांगतात, की शकांच्या वा यवनांच्या देशात राहणारा असो, चीनमधला असो, काशी-कोसलातला असो, शीलात स्थिर झालेल्या माणसाला निर्वाणाचा साक्षात्कार होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेण्यासाठी वऱ्हाडातून जे लोक पायी, बैलगाडीने आणि रेल्वेने गेले, त्यांतील बहुतेकांची घरे गावकुसाबाहेर होती. आणि तिथे त्यांनी उच्चारलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसे समान आहेत, असे मानण्याची एक प्रतिज्ञा होती.