गेटवेसमोरचा फोटो

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला आलं की गेटवे ऑफ इंडियासमोर फोटो हवाच. मोबाइल घरटी चार असतात, तरी गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या तिथल्या फोटोग्राफरकडून एक जरूर काढून घ्यावा. एरवी फोटो काढणारे बाबा फोटोतून गायबच असतात. इथे तेही येतात!

मग मागे वळून कमानही बघावी. पाचव्या जॉर्जच्या आगमनाची ही आठवण १९२४ मध्ये पूर्ण झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून निघून गेली. चोवीसच वर्षं! माथ्यावरचा इंग्रजी लेख मुलांकडून वाचून घ्या. साल रोमन आकड्यांत आहे, ते कोडं त्यांनाच सोडवू द्या.