पाऊस पडलाच नाही



गेल्या मे महिन्यात आपल्या धर्मग्रामातील चौदा युवक-युवतींना घेऊन आम्ही सांदण दरीत गेलो होतो. तिथून अर्ध्या वाटेवरून परत फिरलो, हे एव्हाना सर्वांच्या कानावर आले असेल. परतल्यावर एक वाक्य वारंवार ऐकावे लागले, कधी थट्टेने, कधी रागाने : "फादर, पाऊस पडलाच नाही!" या वाक्यात एक गंभीर नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे आम्हाला वाटते. या रविवारी त्याचा थोडा विचार करू.

आधी जे घडले ते सांगतो. आपल्या जिल्ह्यातले लोणारचे विवर या मुलांच्या पायाखालचे आहे. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाचा तो खड्डा उतरायचा, कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत जायचे आणि धापा टाकत वर यायचे, हे त्यांनी शाळेपासून केलेले. आता त्यांना काहीतरी अवघड हवे होते. म्हणून वर्गणी काढली आणि रात्रभर प्रवास करून जालना, संगमनेर, अकोले असे भंडारदऱ्याच्या पलीकडे साम्रद गावी पोहोचलो.

गावापासून थोड्याच अंतरावर जमीन दुभंगल्यासारखी दिसते. सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातल्या भेगेत शिरून पाण्याने ही घळ कोरत नेली. घरातल्या सांदीकोपऱ्याची आठवण व्हावी अशी ती चिंचोळी. दोन्ही बाजूंना सुमारे दोनशे फूट उंच भिंती, मध्ये काही ठिकाणी जेमतेम दोघांनी शेजारी उभे राहावे एवढी जागा, पायाखाली मोठमोठे धोंडे आणि वर आभाळाची एक चिंधी. उन्हाळ्यातही वाटेत कमरेइतके गार पाणी लागते. पुढे दोर बांधून कडे उतरावे लागतात आणि वाट खाली कोकणाच्या अंगाला निघते. पावसाळ्यात दरीत कोणी उतरत नाही, कारण पाणी आले तर पळायला जागाच नाही.

आमच्याबरोबर गावातले एक वाटाडे मामा होते. दुपारी बाराच्या सुमारास आम्ही पहिल्या दोराच्या उतारापाशी पोहोचलो. मामा दोर बांधता बांधता थांबले आणि बराच वेळ वर पाहत राहिले. रतनगडाच्या बाजूने ढग चढत होता. वारा पडला होता. "वळीव येईल असं वाटतंय. इथून खाली गेलो की परत वर येणं सोपं नाही. आत्ता फिरू," ते म्हणाले.

मुलांचे चेहरे उतरले. एवढा प्रवास, एवढा खर्च! आणि आम्हाला हे कबूल केले पाहिजे, की मुलांची बाजू आम्हीच उचलून धरली. "मामा, देव आपल्या पाठीशी आहे, चला पुढे." हे वाक्य आमच्याच, म्हणजे या ओळी लिहिणाऱ्याच्या, तोंडून निघाले. मामांनी शांतपणे उत्तर दिले, "देव पाठीशी आहे म्हणूनच त्यानं डोळे पुढच्या बाजूला दिलेत, फादर." आणि ते दोर गुंडाळू लागले.

आम्ही परत फिरलो. तास-दोन तासांनी साम्रदला वर आलो तेव्हा लख्ख ऊन पडले होते. संध्याकाळपर्यंत एक थेंब पडला नाही.

आता प्रश्न असा : पाऊस पडला नाही म्हणून परत फिरण्याचा निर्णय चुकला का?

आपण शेतीच्या मुलखातली माणसे आहोत. मृगाआधी कोणी धूळपेरणी करतो, कोणी चांगली ओल होईपर्यंत थांबतो. एखाद्या वर्षी धूळपेरणी करणाऱ्याचे साधते आणि थांबणाऱ्याला लोक हसतात. पुढच्या वर्षी उलटे होते आणि तेच लोक त्यालाच शहाणा म्हणतात. माणूस तोच, विचार तोच, फक्त पाऊस वेगळा. मग शहाणपण माणसाचे की पावसाचे? दारू पिऊन मोटारसायकल चालवणारा सुखरूप घरी पोहोचला, तर त्याने योग्य केले असे आपण म्हणत नाही. निर्णयाचा न्याय, तो घेताना माणसाला काय दिसत होते आणि काय दिसायला हवे होते, यावरून करायचा असतो. नंतर काय घडले, हे निर्णय घेणाऱ्याच्या हाती नसते.

शिवाय परिणामावरून न्याय करणे निर्दयही असते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ॲन्टेलोप कॅन्यन नावाच्या अशाच चिंचोळ्या घळीत अकरा जण पुरात मरण पावले. ते उभे होते तिथे पाऊस नव्हताच म्हटले तरी चालेल. पाऊस झाला तो दूर, वरच्या अंगाला. आपल्याकडेही गावात ऊन असताना ओढ्याला लोंढा येतो आणि आया पोरांना हाका मारून काठावर बोलावतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्याच जागी आदल्या वर्षी, त्याच्याही आदल्या वर्षी कितीतरी कुटुंबे हसतखेळत उभी राहून घरी परतली असतील. वाचले ते धाडसी आणि गेले ते मूर्ख, असे म्हणणार का आपण? परिणामावरच न्याय करायचा तर मेलेल्यांना दोष देणे आणि वाचलेल्यांच्या चुकीला टाळ्या वाजवणे, एवढेच हाती उरते.

पण आमच्याच गटातील एका मुलीने घेतलेली हरकत आम्हाला जास्त टोचली. ती म्हणाली, "फादर, 'धोका आहे' हे वाक्य आम्ही मुली लहानपणापासून ऐकतोय. शिकायला जायचं तरी धोका, नोकरीला जायचं तरी धोका. मग घरातच बसायचं का?"

तिचे म्हणणे खोटे नाही. भीती पुष्कळदा विवेकाचा अंगरखा घालून येते. ॲरिस्टॉटलने धैर्य हे भ्याडपणा आणि आततायीपणा यांच्या मधले म्हटले आहे, आणि मधली वाट दोन्ही बाजूंनी चुकू शकते. ख्रिस्तसभेनेही घरी बसा असे कधी सांगितलेले नाही. १९२२ साली पोप झालेले अकरावे पायस हे तरुणपणी पट्टीचे गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी आल्प्समधील मोंते रोझा हा पर्वत त्याच्या अवघड पूर्वेच्या बाजूने सर केला आणि एक रात्र उंचावरच्या अरुंद कातळावर काढली. डोंगर हे माणसाच्या सद्गुणांची शाळा होऊ शकतात, याबद्दल आम्हालाही शंका नाही.

मग विवेक कोणता आणि भीती कोणती, हे ओळखायचे कसे? आम्हाला एक साधी कसोटी सुचते. विवेक कारण सांगतो, आणि कारण संपले की निघतो. ढग आहे, वेळ बाराची आहे, पुढे परतीची वाट नाही, बरोबर चौदा मुले आहेत : ही कारणे झाली. आभाळ निरभ्र झाले की विवेक पुन्हा तारीख ठरवतो. भीतीचे कारण मात्र कधी संपत नाही. एक धोका दूर केला की ती दुसरा शोधते, कारण तिला निघायचेच नसते. मुलीला घराबाहेर पडू न देणाऱ्या प्रत्येक बापाने ही कसोटी स्वतःला लावून पाहावी.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी सांगितले, की धैर्याचे मुख्य काम चाल करून जाणे हे नव्हे. टिकून राहणे, सोसणे हे आहे. हे आम्ही सेमिनरीत परीक्षेपुरते पाठ केले होते. अर्थ कळला तो परतीच्या वाटेवर. दोरावरून खाली उतरण्याची हौस प्रत्येकाला होती. त्याच धोंड्यांवरून, त्याच गार पाण्यातून, मान खाली घालून, गावकरी काय म्हणतील याचा विचार करत परत चढायला त्याहून जास्त धैर्य लागले.

आता आमच्या त्या वाक्याबद्दल. मत्तयच्या शुभवर्तमानात सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि शास्त्रवचनाचा आधार देऊन खाली उडी टाकायला सांगतो. देवदूत झेलतील, असे आश्वासनही देतो. येशू नकार देतो, कारण देवावर भरवसा ठेवणे वेगळे आणि देवाची परीक्षा पाहणे वेगळे. त्या दुपारी आम्ही देवाचे नाव घेतले ते श्रद्धेने नव्हे. समोरच्या माणसाचे कारण ऐकायचे नव्हते म्हणून घेतले. त्यातही पणाला लावत होतो ते स्वतःचा जीव नव्हे, तर चौदा आईबापांनी विश्वासाने सोपवलेली मुले. एखाद्याने स्वतःपुरता धोका पत्करला तर त्यावर वाद घालता येईल. दुसऱ्याच्या लेकरांचा धोका परस्पर पत्करण्याचा अधिकार कोणालाच नाही, धर्मगुरूला तर मुळीच नाही.

निघताना मामांनी दोराच्या कामाचे ठरलेले पैसे परत पुढे केले. "उतरवलंच नाही तर घेऊ कसे?" म्हणाले. त्या गावात पावसाळा लागला की हे काम बंद होते. त्यांना त्या पैशांची गरज नव्हती असे नाही. परत फिरण्यात त्या दिवशी खरे नुकसान झाले असते ते त्यांचेच, आणि तरीही तो निर्णय त्यांनीच घेतला. आम्ही पैसे परत घेतले नाहीत. आम्हाला त्यांनी खाली उतरवले नाही, याचेच ते मोल होते.

येत्या डिसेंबरात, नाताळच्या आधी, आम्ही पुन्हा सांदण दरीत जाणार आहोत. मामांशी फोनवर बोलणे झाले आहे. हरकत घेणारी मुलगी यादीत पहिली आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी मिस्सानंतर नाव द्यावे. आईवडिलांनीही थांबावे, कारण त्यांच्याशी आधी बोलायचे आहे.