बुद्धाला नवस बोलावा काय?



धम्मदीक्षा घेतल्यावर आपण घरातला देव्हारा काढला. मरीआई, म्हसोबा, खंडोबा यांचे टाक गेले आणि भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर आली. बावीस प्रतिज्ञा आपण चारचौघांत, मोठ्या आवाजात म्हटल्या. परंतु घरातले मूल तापाने फणफणते, डॉक्टर काही धड सांगत नाहीत आणि रात्रीचे दोन वाजतात, तेव्हा काय होते? आई उठते, तसबिरीपुढे मेणबत्ती लावते आणि मनातल्या मनात म्हणते, याला बरे कर, पौर्णिमेला पाच जणांना खीर वाढीन. नाव बुद्धाचे असते, बोलणे मात्र मरीआईपुढचेच असते.

या आईला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडीत, आणि तिच्या नावाने अंगावर आसूड मारून घेणारा पोतराज बहुधा आपल्याच वस्तीतला असे. ज्यांना विहिरीचे पाणी नव्हते त्यांना वैद्य कोठून मिळणार? नवस हेच त्यांचे औषध होते. तेव्हा ही सवय एका दीक्षेने, एका दिवसात जाईल असे मानणे भाबडेपणाचे आहे. पण प्रश्न टाळताही येत नाही. आजारात श्रद्धेचा उपयोग असतो की नसतो? असेल तर कोणता?

नवसापुरते उत्तर सरळ आहे. बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. जो देत नाही त्याच्याशी सौदा कसा करणार? पण एवढे सांगून उपासक मोकळा होत नाही, कारण त्या आईच्या हाती मग काय उरते, हे आपण सांगितलेले नसते.

विनयपिटकात महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागत आनंदासह तेथे आले. त्यांनी हात ठेवून रोग पळवला नाही. पाणी आणविले, स्वतः ओतले, आनंदाने अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजविले. नंतर संघाला बोलावून त्यांनी सांगितले की ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची करावी. जगातल्या कितीतरी धर्मकथांत अशा ठिकाणी चमत्कार असतो. येथे पाण्याची घागर आहे.

त्याच ठिकाणी चांगला रुग्ण कोणता तेही सांगितले आहे. जो पथ्य करतो, पथ्याचे प्रमाणही ओळखतो, औषध घेतो, दुखणे जसे असेल तसे खरे सांगतो आणि वेदना सोसतो तो. सेवा करणारा कसा असावा? त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, थुंकी, ओकारी, मलमूत्र यांची किळस करू नये आणि वेळोवेळी चार धम्माच्या गोष्टी सांगून आजाऱ्याचे मन प्रसन्न करावे. ही यादी आपल्या घराला लावून पाहा. धम्माची गोष्ट तीत आहे, पण ती शेवटी आहे, औषधाच्या व ओकारी पुसण्याच्या नंतर.

पुण्याने अशी सेवा पाहिलेली आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी मूल पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या माळावर यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मूल उचलताना त्यांनी कोणाला नवस बोलला नाही. दवाखान्याची वाट धरली.

आपल्या माणसांत आणखी एक समजूत घट्ट बसलेली आहे: हे भोग आहेत, मागल्या जन्मीचे फेडावे लागते. दीक्षा घेतलेल्या घरातही ती ऐकू येते. संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक तथागतांना नेमके हेच विचारतो. माणसाच्या वाट्याला येणारे सारे सुखदुःख पूर्वकर्मानेच येते, असे म्हणणारे बरोबर आहेत काय? तथागत पित्त, कफ, वात, ऋतुबदल, चुकीचे वागणे, दुसऱ्याने केलेला मार अशी एकामागून एक कारणे सांगतात. आठ कारणांत कर्म हे एक आहे. सर्वच कर्मावर टाकणारे चुकतात, असे ते स्पष्ट सांगतात. याचा आपल्याला अर्थ काय? ज्या समाजाला जन्मानेच पापी ठरविले होते, त्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे की तुझा खोकला हे तुझे पाप नाही. एका खोलीत आठ माणसे झोपतात, खिडकी नाही, चुलीचा धूर आहे, पोटाला पुरेसे नाही. खोकल्याची कारणे तेथे शोधावीत.

आता आहाराकडे वळू, कारण याबाबतीत आपल्याकडे दोन बाजूंनी गोंधळ घातला जातो. एक बाजू म्हणते, बौद्ध झालात तर मांस सोडा. तथागतांनी भिक्खूंना तसे सांगितले नव्हते. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, असे मांस भिक्खूला वर्ज्य नाही, हे जीवक वैद्याशी झालेल्या संवादात आहे. सुत्तनिपातातील आमगंध सुत्तात तर दुर्गंध मांसाचा नसून क्रौर्याचा, चोरीचा, खोटेपणाचा असतो असे प्रतिपादन आहे. ज्याला करुणेने मांस सोडावेसे वाटते त्याने अवश्य सोडावे. पण शेजारच्या वरच्या जातीच्या घरात आपल्याला शुद्ध म्हणावे, एवढ्यासाठी सोडू नये. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस व उष्टे अन्न सोडायला सांगितले, तो प्रश्न माणुसकीचा होता. तो वेगळा आणि हा वेगळा.

दुसरी बाजू म्हणते, खाण्यात काय आहे, पोट भरले की झाले. येथे पुण्याच्याच एका संशोधनाकडे पाहावे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. त्यांची बाळे सरासरी पावणेतीन किलोंच्या आतबाहेर भरली. इंग्लंडातल्या साउदम्प्टनची बाळे साडेतीन किलोंची होती. पुण्याची बाळे दिसायला हडकुळी, पण अंगातली चरबी त्या मानाने राखून ठेवणारी. अशा बाळांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो, असा त्यांचा निष्कर्ष. ज्या मातांनी पालेभाजी, फळे व दूध अधिक वेळा खाल्ले, त्यांची बाळे अधिक वजनाची होती. निम्म्याहून अधिक मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ते झाडपाल्यात नसते. दूध, अंडी, मासे व मटण यांत असते.

हे वाचून आपल्या स्वयंपाकघरात या. घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? सूनबाई जेवते. पातेल्यात तेव्हा रस्सा उरलेला असतो, फोडी गेलेल्या असतात. अंडे आणले तर ते मुलाच्या ताटात जाते. शिवाय दीक्षेनंतरही कोणत्या ना कोणत्या वाराचा उपवास तिच्याच मागे राहिलेला असतो. समतेचा धम्म स्वीकारलेल्या घरात पंगत जुन्याच धर्माची चालते, ही माझ्या मते आपली सर्वांत मोठी विसंगती आहे, आणि ती बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणून सुटत नाही. सासूबाईंनी मनावर घेतले तर एका संध्याकाळी सुटते. सर्वांनी एकदम बसावे आणि गरोदर बाईला आधी वाढावे.

दारूविषयी अधिक लिहीत नाही. पाचवे शील सर्वांना पाठ आहे. एवढेच म्हणतो की आठवड्याच्या पगारातली दारू ही पालेभाजीच्या, दुधाच्या आणि अंड्यांच्या पैशांतूनच येते.

मग श्रद्धा राहिली कोठे? यासाठी क्षयरोगाचेच उदाहरण घेतो, कारण पुण्याच्या वस्त्यांतून तो अजून गेलेला नाही. १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्याच वर्षी, मद्रासला एक तुलना सुरू झाली. काही क्षयरोग्यांना सॅनिटोरियममध्ये विश्रांती व सकस अन्न देऊन औषध दिले. काहींना तेच औषध त्यांच्या गरीब घरी ठेवून दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. म्हणजे जडलेला क्षय औषध बरा करते, केवळ अन्न नाही. उलट अलीकडे झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना महिन्याचे जादा तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वे दिली. तेव्हा त्या घरांत नवा क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. झालेल्या रोगाला औषध आणि होऊ नये म्हणून अन्न, अशी ही विभागणी आहे. घरात दोन्ही लागतात.

परंतु औषध सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, माणूस कामावर जाऊ लागतो आणि गोळ्या सोडतो. जंतू मात्र आत जिवंत असतात. ते पुन्हा उठतात तेव्हा साध्या गोळ्यांना जुमानत नाहीत. या तिसऱ्या महिन्यात रोग्याला कोण सांभाळणार? नवस एकदाच फेडायचा असतो. कोंबडे कापले, खीर वाढली की संपले. शील रोज पाळावे लागते, कोणी पाहत नसताना पाळावे लागते. बरे वाटत असतानाही एकशे ऐंशीव्या दिवसापर्यंत गोळी गिळणे, याला मी श्रद्धा म्हणतो. ज्याने पंचशील खरोखर घेतले आहे त्याला हा सराव असतो.

मनाचेही असेच आहे. वृद्ध व आजारी नकुलपित्याला तथागतांनी सांगितले की शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ नये, असा अभ्यास कर. शरीर बरे होईल, असे आश्वासन दिले नाही. दुखण्याचा पहिला बाण शरीराला लागतो. भीती, लाज, चिडचिड हा दुसरा बाण आपण स्वतःला मारून घेतो. नवी नवरी खोकला पदराआड लपवते, कारण माहेरी पाठवतील. रिक्षावाला तपासणीला जात नाही, कारण शेजारी काय म्हणतील. घरात मैत्री असेल तर हा दुसरा बाण निघतो, आणि मग माणूस दुखणे खरे सांगतो. चांगल्या रुग्णाच्या यादीत ते होतेच.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या. त्यांनी डॉक्टरांचे उपचार घेतले. एप्रिल १९४८ पासून डॉ. सविताबाईंनी त्यांचे औषध व पथ्य सांभाळले.

काहीजण विचारतील, मग परित्राणपाठ ठेवायचा नाही काय? ठेवा. भन्ते येतात, शेजारी जमतात, आजाऱ्याला एकटे वाटत नाही. सेवेकऱ्याचा पाचवा गुण तोच आहे. परंतु मनगटाला बांधलेले परित्राणसूत्र साप चावल्यावर दवाखान्याऐवजी पुढे केले जात असेल, तर तो गंडादोरा झाला, मग तो पांढरा असो की काळा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी याच पुण्यात खून झाला. त्यानंतर झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू व कुत्रा चावल्यास उपचारापासून रोखणे आणि मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरविला आहे. तो कायदा आपल्या विहारालाही लागू आहे.

ज्यांच्या घरी दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल त्यांनी थुंकीची तपासणी महापालिकेच्या दवाखान्यात करून घ्यावी. ती मोफत आहे, गोळ्याही मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी सरकार दरमहा रक्कम बँक खात्यात जमा करते. एप्रिल २०१८ पासून ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये केली आहे. नोंद करताना पासबुक बरोबर न्यावे, आणि रक्कम आली नाही तर तेथेच विचारावे.